ओळखीची मुलाखत

मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकांवर इतकी मुलं बसली होती, पण चहा आला तो एकट्या भिंगरीला. शिपायाने कप हातात दिला आणि वर "बिस्किटं आणू का?" असंही विचारलं. तिला वाटलं, सगळ्यांनाच मिळणार असेल, आपला नंबर आधी लागला. शिपाई पुन्हा फिरकलाच नाही. शेजारची मुलगी कपाकडे बघत होती. भिंगरीने कप तिच्यापुढे धरला.

"घेतेस? माझ्या घशाखाली आत्ता काही उतरणार नाही."

"माझ्याही नाही," ती म्हणाली. "पण दे. हात गार पडलेत."

भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून आईने ठेवलं आणि मग तेच चिकटलं. बाहेर मात्र तिला कोणी त्या नावाने ओळखत नसे आणि खऱ्या नावानेही नाही. बाहेर ती डॉक्टरांची मुलगी. तिचे वडील जनावरांचे डॉक्टर होते आणि गावात नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की लोकांना आधी तेच आठवायचे, माणसांचे डॉक्टर नंतर.

जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिरायची तिची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला, गेल्या वर्षी, याच खोलीत तिची दाणादाण उडाली होती. घोड्यांचे डॉक्टर म्हणून नाव असलेल्या एका सरांनी विचारलं होतं, "एक माणूस कुत्रा घेऊन आलाय. कुत्रा धडधाकट. माणूस घर बदलतोय, नव्या घरात कुत्रा चालत नाही. म्हणतो, इंजेक्शन देऊन संपवा. काय कराल?"

"नाही देणार," ती ताडकन म्हणाली होती.

"मग तो रस्त्यावर सोडेल."

"मी ठेवून घेईन."

"दुसऱ्या दिवशी दुसरा येईल. मग तिसरा. सगळे ठेवाल? घरात माणसं राहतात की नाही?"

आणि तिला रडू फुटलं होतं. चांगलं हुंदके देऊन. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि तो ग्लास सरकवण्यातच निकाल होता.

त्यानंतरचं वर्ष तिने गावाबाहेर, भटकी कुत्री सांभाळणाऱ्या आसऱ्यात काढलं. पिंजरे धुतले, खरूज झालेली पिल्लं औषधाच्या पाण्यात बुडवली, चावे खाल्ले. आणि एके दिवशी तिथे खरोखरच तो माणूस आला. म्हणजे तसाच एक माणूस, बायको आणि दोन मुलांसकट, म्हातारी पण ठणठणीत कुत्री घेऊन. आसऱ्याच्या डॉक्टरांनी साफ नकार दिला. जागा नाही म्हणून ठेवूनही घेतलं नाही. ते कुटुंब काही न बोलता कुत्रीला गाडीत घालून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ती कुत्री हायवेच्या कडेला सापडली. तिला उचलून आणलं भिंगरीनेच.

तेव्हापासून तो प्रश्न तिच्या डोक्यातून गेला नव्हता. भांडी घासताना, केस विंचरताना ती त्याची उत्तरं मोठ्याने द्यायची. शेवटी आईही वैतागली. "पुन्हा कुत्रा? अगं, आज मांजर तरी घे!"

तर या वर्षी ती तयार होऊन आली होती. विचारा म्हणावं आता.

शेजारच्या मुलीशी तोवर तिची बरी ओळख झाली. ती शोभेच्या माशांच्या दुकानात काम करायची आणि तिला माशांचा डॉक्टर व्हायचं होतं. "लोक काचेची पेटी हौसेने घेतात," ती सांगत होती, "आणि मासा आजारी पडला की टॉयलेटात ओतून देतात. त्याला काय झालं होतं, हे बघणारं कोणी नाही." बोलताना ती हाताने मासा कसा कलंडून पोहतो ते दाखवत होती. निकाल लागला की एकमेकींना कळवायचं असं ठरवून त्यांनी नंबर घेतले.

त्या मुलीला आधी बोलावलं. बराच वेळ दार उघडलं नाही. आतून एकदा मोठं हसणं ऐकू आलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

"काय झालं?"

"गाईची, म्हशीची, शेळीची, कोंबडीची, सगळी दुखणी विचारली. जी येत होती ती सांगितली. मग म्हणाले, बैल अंगावर आला तर काय कराल? मग म्हणाले, लग्नानंतर सासरचे शेणात हात घालू देतील का? मग मी माशांचं सांगितलं. मधले आहेत ना, मुख्य, ते म्हणाले, 'मग एवढं शिकता कशाला, मासेवालीच व्हा की.' आणि हसले. 'व्हा की' म्हणाले. 'तुम्ही' म्हणून बोलत होते हां, अगदी मान देऊन."

तेवढ्यात भिंगरीच्या नावाचा पुकारा झाला.

आत तिघं होते. मधल्या खुर्चीत मुख्य सर, गेल्या वर्षी नव्हते ते. उजवीकडे घोड्यांचे डॉक्टर. डावीकडे एक तरुण बाई, समोर पेन आडवं ठेवून बसलेल्या.

"ये गं, ये," मुख्य सर म्हणाले. "बस. चहा मिळाला ना?"

भिंगरी बसता बसता अर्ध्यात थबकली.

"गुडघा कसा आहे बाबांचा? अजून तसाच लंगडतो का? अहो," ते घोड्यांच्या डॉक्टरांकडे वळले, "हिचा बाप आणि मी होस्टेलला एका खोलीत. एकदा या गड्याने आजारी वासरू दुसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. माझ्या पलंगाखाली! थंडी वाजते म्हणे त्याला. रेक्टर येतोय, आणि वासरू हंबरतंय, आणि हा मोठमोठ्याने खोकतोय!"

तिघांपैकी दोघं हसले. भिंगरीही हसली, कारण तोंडाला दुसरं काही सुचलं नाही. वासराची गोष्ट ती घरी शंभरदा ऐकून होती.

"परवा फोन आला होता त्याचा," सर पुढे म्हणाले. "म्हणाला, पोरगी हुशार आहे पण फार हळवी आहे. गेल्या वर्षी फार मनाला लावून घेतलं तिने. जरा सांभाळून घ्या. मी म्हटलं, अरे, सांगायला हवं का?"

"सर," भिंगरी म्हणाली, "मला प्रश्न विचारा ना."

"विचारतो की! सांग बघू, गाईच्या पोटाला कप्पे किती?"

"चार."

"शाब्बास. झालं. जा, आणि बाबांना म्हणावं, एकदा येऊन जा."

ती बाहेर आली. मासेवाली अजून तिथेच पाण्याच्या टाकीपाशी तोंड धुवत होती. "एवढ्यात?"

"कप्पे विचारले. गाईच्या पोटाचे."

"नावं?"

"नाही. किती, एवढंच."

मासेवालीने ओल्या तोंडाने तिच्याकडे बघितलं. मग हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मला चारही नावं विचारली. दुसऱ्यात काय अडकतं तेही. हं, म्हणजे तुझा चहा आत्ता कळला मला."

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या मुलाला अजून हाक मारली नव्हती. शिपाई "अहो ताई, अहो" म्हणेपर्यंत तिने दार ढकललं.

"सर, माझी मुलाखत झालेली नाही."

मुख्य सरांनी चष्मा वर केला. "झाली की बाळ."

"ती गप्पा होत्या. मुलाखत नव्हती. बाहेर जी मुलगी रडकुंडीला आली आहे, तिला जे विचारलंत ते मला विचारा. गेल्या वर्षी जे विचारलं होतंत ते विचारा. कुत्र्याचं." ती घोड्यांच्या डॉक्टरांकडे बघत होती. "तुम्हीच विचारलं होतंत. वर्षभर मी त्याचंच उत्तर घेऊन फिरतेय."

घोड्यांच्या डॉक्टरांनी खांदे उडवले. "मग सांगा. माणूस कुत्रा घेऊन आलाय. धडधाकट. काय कराल?"

"आधी त्याला बसवीन," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण या वेळी रडण्याने नाही. "नुसतं 'नाही' म्हणून हात झटकले तर तो कुत्रा उद्या हायवेवर मरतो. मी उचललाय तसा, मला माहितेय. म्हणून त्याला बसवीन, राग गिळीन, कुत्रा माझ्या नावावर करून घेईन आणि घर शोधीन. मिळेल त्याला विचारीन. आणि कुत्रा इतका चावरा असेल की त्याला कोणीच घेणार नाही, साखळीत सडूनच मरेल, तर इंजेक्शन देईन. मी देईन. कंपाउंडरला सांगून बाहेर जाणार नाही. त्या माणसाचा मला आयुष्यभर राग येईल. पण माझ्या रागाचा कुत्र्याला काय उपयोग?"

तरुण बाईंनी पेन उचललं होतं.

मग मुख्य सरांनी टेबलावर थाप मारली. "बापाची लेक! शंभर टक्के बापाची लेक! तोही असाच दार ढकलून आत यायचा आणि भांडायचा. बघितलंत?"

"सर, तिला पुढचं विचारू या," तरुण बाई म्हणाल्या. "मला विचारायचंय."

"काय राहिलंय विचारायचं? रक्तातच आहे ते. जा बाळ, घरी जा, जेव नीट."

भिंगरी तिथे उभी राहिली, आणि तिला कळलं की आता इथे खुर्ची आपटली तरी ती बापाचीच खुर्ची ठरेल. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्या शिव्यांनाही या सरांनी लाडाने कुरवाळलं असतं. ती बाहेर आली. दार तिने जोरात लावलं, पण त्याला वर आपोआप मिटवणारा दाब बसवलेला होता. ते आपलं हळूहळू, आवाज न करता मिटलं.

मासेवालीला तिने सगळं सांगितलं. घडाघडा, धापा टाकत. मासेवाली ऐकून घेत होती.

"आणि माझं काय सांगितलंस आत?"

"तुझं?"

"मला मासेवाली म्हणून हसले, त्याबद्दल. सासरबद्दल. ते बोललीस?"

खरंच, भिंगरीच्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

"बरं, जागा मिळाली तर सोडणारेस?" मासेवालीने पिशवी खांद्याला लावली. "नाही ना? मग आरडाओरडा कशाला?" आणि ती जिना उतरून गेली.

बसमध्ये खिडकीशी बसून भिंगरी त्या रागाचे वाटे करत राहिली. थोडा बापाचा, थोडा त्या सरांचा, थोडा मासेवालीचा, आणि उरलेला आपला. आपला वाटा काही केल्या कमी होईना.

संध्याकाळी ती थेट दवाखान्यात गेली. बाबा एका कुत्र्याचा पाय शिवत होते. तारेत अडकून मांडीपासून फाटलेला. कंपाउंडर लवकर गेला होता, कुत्र्याच्या मालकाला रक्त बघवत नसल्याने तो बाहेर बाकावर बसला होता.

"बरं झालं आलीस," बाबा मान वर न करता म्हणाले. "डोकं धर. जागा बधिर केलीय, पण बिचारा घाबरलाय फार. हळू आवाजात बोल त्याच्याशी."

तिने कुत्र्याचं डोकं कुशीत घेतलं, तोंडाला पट्टी होतीच, आणि त्याच्या कानामागे खाजवत अगदी गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही फोन केलात बाबा."

सुई थांबली. परत चालू झाली. "केला," बाबा तशाच मऊ आवाजात म्हणाले. "शहाणा माझा, हलू नको हं, झालंच."

"का केलात?"

"जुना मित्र आहे. सहज."

"खोटं बोलू नका. 'हळवी आहे, सांभाळून घ्या' म्हणालात. लोकांसमोर मला लाज आणलीत. तो माणूस मला 'गाईच्या पोटाला कप्पे किती' विचारतो! चिऊकाऊच्या वयाचा प्रश्न! हो रे बाळा, हो, कुठे नाही जायचं."

"मिळेल ना जागा? मग झालं तर. दोरा काप."

तिने एका हाताने दोरा कापला. "वर्षभर मी काय केलं ते तुम्ही बघितलंत ना? हे बघा, अंगठ्यावर चावा आहे. मग का विश्वास ठेवला नाहीत?"

"विश्वासाचा प्रश्न नाही."

"तोच आहे. दुसरा कुठला आहे?"

मालकाने पडद्यातून डोकं आत घातलं. डोळे अर्धे मिटूनच. "काय प्रेमाने बोलता हो तुम्ही दोघं जनावराशी! बाहेर ऐकून मलाच धीर आला." आणि डोकं परत बाहेर.

दोघांपैकी कोणीही हसलं नाही.

बाबांनी शेवटचा टाका घातला. हातमोजे काढले. कुत्र्याच्या पोटावरून हात फिरवत ते म्हणाले, "गेल्या वर्षी घरी येऊन तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. ताट तसंच परत जायचं. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं. मला वाटलं, तू पुन्हा हरशील."

"हेच," भिंगरी म्हणाली, आणि कुत्र्याने कान हलवला इतका तिचा आवाज चढला. "हेच आधी मला सांगायचं होतंत. मित्राला कशाला सांगितलंत?"

बाबांनी कुत्रा उचलून मालकाकडे नेला आणि त्याला पट्टी कशी बदलायची ते नेहमीपेक्षा फार सावकाश समजावत बसले.

यादी लागली. त्यात भिंगरीचं नाव वरच होतं. मासेवालीचं प्रतीक्षा यादीत, खूप खाली. आईने देवापुढे दिवा लावला, आणि त्याच दिवशी भिंगरीने जागा नको म्हणून कळवून टाकलं. घरात आभाळ कोसळलं.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" आई ओरडली. "तोंडचा घास कोणी असा थुंकतं का?"

"तो माझ्या तोंडचा नव्हता."

"मग कोणाचा होता? बापाच्या ओळखीने काय शाळेत गेली नव्हतीस? दाताच्या डॉक्टरकडे नंबर आधी लागत नव्हता? तेव्हा बरी गोड लागली ओळख!"

हे खरं होतं, आणि म्हणूनच भिंगरीला जास्त झोंबलं. बाबा जेवण अर्धवट सोडून उठले आणि बोलावणं नसतानाही मोटरसायकल काढून कुठेतरी गेले.

भिंगरीने मासेवालीला फोन लावला. "सोडली मी जागा."

पलीकडे दुकानातल्या पेट्यांची बुडबुड ऐकू येत होती. "मग? हार घालू तुला?"

"तसं नाही. तू विचारलं होतंस म्हणून सांगितलं."

"तुझी जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्याला गेली असेल. माझ्यापर्यंत काही येत नाही. कोण जाणे, त्या पहिल्याच्या बापानेही फोन केला असेल." मासेवालीने फोन ठेवला मात्र नाही. "दुसरं एक कॉलेज आहे," ती शेवटी म्हणाली. "लांब आहे, इमारत पडकी आहे, पण मुलाखती अजून व्हायच्यात. तिथे तुझ्या बापाला कोणी ओळखत नसेल तर ये."

ती गेली. बरोबर आई आली, तोंड फुगवून, पण डबा भरून. मुलाखतीच्या खोलीत पाच जण एका लांब टेबलामागे दाटीवाटीने बसले होते, आणि पंखा नुसताच गरगरत होता. पहिलाच प्रश्न एका टक्कल पडलेल्या सरांनी टाकला. "वडील काय करतात?"

"जनावरांचे डॉक्टर आहेत," भिंगरी म्हणाली. "त्यांचा तुमच्यापैकी कोणाला फोन आला असेल तर आत्ताच सांगा. मी बाहेर जाते."

पाचही जणांनी एकमेकांकडे बघितलं. "आम्हाला कशाला करतील?" टक्कलवाले सर जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "इतके मोठे आहेत का ते?"

"नाहीत," ती म्हणाली. "विचारा तुम्ही."

त्यांनी विचारलं. कोंबड्यांच्या रोगांवर तिला पिळून काढलं, तिथे ती तीनदा "माहीत नाही" म्हणाली. गाभण म्हशीवर एक बाई तिला इतक्या फिरवून फिरवून विचारत राहिल्या की तिने आपलंच आधीचं उत्तर खोडून काढलं. "चांगली जागा मिळत होती ती का सोडलीत?" या प्रश्नावर तिने सगळं सांगितलं, आणि एक सर म्हणाले, "म्हणजे तुम्ही रागीट आहात." ती म्हणाली, "हो." "जनावरावर राग काढाल?" "अजून काढलेला नाही. माणसांवर काढते." कोणी हसलं नाही, कोणी शाब्बास म्हटलं नाही, कोणी पाणीही विचारलं नाही. ती बाहेर आली तेव्हा आपण नापास झालो याची तिला खात्री होती.

मासेवालीचं नाव पहिल्याच यादीत आलं. भिंगरीचं प्रतीक्षेत. ती तिथे लोंबकळत राहिली, वर्ग सुरूसुद्धा झाले, आणि मग कोणीतरी जागा सोडली म्हणून तिला बोलावणं आलं. होस्टेलला तिला उरलेली खाट मिळाली, मोरीला लागून, भिंत ओलसर. मासेवाली त्याच मजल्यावर होती. पहिल्या आठवड्यात ती दारात येऊन म्हणाली, "वह्या हव्यात तर घे, उशिरा आलीस म्हणून. पण परत दे वेळेवर." दोघींना मैत्रिणी म्हणता येणार नाही. सापळ्याची हाडं पाठ करायला मात्र त्या एकत्र बसतात, आणि भांडतात.

राग गेला का? आई हे प्रत्येक सुट्टीत विचारते. भिंगरी घरी आली की पहिल्यासारखी बाबांबरोबर दवाखान्यात उभी राहते, गुरं धरते, टाके काढते, आता तर लहानसहान इंजेक्शनं देतेही. पण येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे बाबा रंगात येऊन होस्टेलमधल्या वासराची गोष्ट सांगायला लागले, की ती हातातलं काम ठेवून आतल्या खोलीत निघून जाते. बाबा गोष्ट तिथेच सोडतात. तिला हाक मारत नाहीत. थोड्या वेळाने ती आपण होऊनच बाहेर येते, कारण बाहेर कोणाचं तरी जनावर आलेलं असतं, आणि ते धरायला माणूस लागतो.